भिडेचा व्यापार

मुंबईच्या बंदरांतून विहारनौकांच्या फेऱ्या अलीकडे पुन्हां सुरू झाल्या आहेत. २०१८ सालीं मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही नौका निघाली. ती सेवा फार काळ टिकली नाहीं; पण सप्टेंबर २०२१ मध्यें ‘कॉर्डेलिया’ या मोठ्या नौकेचा प्रवास सुरू झाला आणि केवळ समुद्रावर दोन-तीन रात्री सुखानें काढाव्यात म्हणून केलेल्या प्रवासाची आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबांस ओळख झाली. अशा नौकांवर नाटकगृह असतें, पोहण्याचा तलाव असतो, आणि एखाद्या शांत मजल्यावर अंगमर्दनाचें दालन असतें. त्यास ‘स्पा’ म्हणतात. बेल्जम देशांत स्पा नांवाचें एक गांव आहे. तेथील खनिज पाण्याच्या झऱ्यांवर युरोपांतील धनिक शतकानुशतकें स्नानास जात. त्या गांवाचेंच नांव पुढें जगांतल्या अशा सर्व दालनांना चिकटलें.

देशोदेशींच्या विहारनौकांवरील या दालनांत जो एक प्रकार घडतो, त्याची तक्रार प्रवासी वर्षानुवर्षें करीत आले आहेत. दालनांत मंद दिवा असतो. कोठूनतरी पाण्याच्या खळखळाटासारखें संगीत ऐकूं येत असतें. पाहुणा पंचा पांघरून पालथा पडलेला असतो. पाऊण तास कसबी हात पाठीवरून फिरतात, खांद्यांतल्या गांठी मोकळ्या होतात, डोळ्यांवर पेंग येते. आणि नेमक्या त्याच वेळीं कानाशीं मृदु स्वरांत प्रश्न येतो, “आपण पाणी कमी पितां वाटतें? त्वचा फार कोरडी आहे.” मग शरीरांत साठलेल्या विषांची गोष्ट निघते, समुद्रशैवालाच्या लेपाची निघते, अमुक तेल तीन महिने लावलें नाहीं तर आजच्या मर्दनाचा गुण चार दिवसांत जाईल, असें कळतें. पाहुणा उठून बसतो तों समोर एक छापील कागद येतो. त्यावर वैद्याच्या चिठ्ठीप्रमाणें तीन-चार वस्तूंवर खुणा केलेल्या असतात. किंमत विचारल्यावांचून सांगितली जात नाहीं, आणि सांगितली तरी ती बहुधा डॉलरांत असते. त्या बाटल्यांना कित्येकदां मर्दनाच्या दराइतकेच पैसे पडतात; पण तें सर्व खोलीच्या हिशेबांत मांडावयाचें असल्यामुळें त्या क्षणीं खिशांत हात घालावा लागत नाहीं. अंगावर पंचा, केसांत तेल, आणि जिनें तासभर सेवा केली ती मुलगी हंसतमुखानें समोर उभी. अशा अवस्थेंत “नको” हा दोन अक्षरी शब्द तोंडांतून निघत नाहीं.

मराठींत या अवस्थेला नेमका शब्द आहे, तो म्हणजे भीड. तिच्यांत भीति नसते आणि लोभही नसतो. ज्याच्या हातून कांहीं घेतलें त्याला तोंडावर नाहीं म्हणण्याचा जो संकोच, ती भीड. ‘भीड ही भिकेची बहीण’ असें जुनीं माणसें म्हणत, तें उगाच नव्हे. घरीं परतल्यावर प्रवाशांचा राग बहुधा त्या मुलीवर निघतो. ती चिकट, ती लोभी, असें सांगितलें जातें. परंतु सेवेच्या निमित्तानें माल विकण्याचा हा प्रकार शंभर-दोनशें वर्षें मागें जाऊन पाहिला, तर त्यांत स्वभावाचा भाग थोडा आणि मोबदल्याच्या रीतीचा भाग फार, असें दिसूं लागतें. सेवा करणाऱ्याचें पोट सेवेवर भरतें कीं विक्रीवर भरतें, यावर त्याच्या हाताचा आणि जिभेचा संबंध ठरतो. हें नीट कळण्यासाठीं समुद्रापासून दूर, वऱ्हाडच्या उत्तर कडेला जाणें सोयीचें आहे.

बुलढाणा जिल्ह्यांतलें संग्रामपूर हें सातपुड्याच्या पायथ्याकडचें गांव. उत्तरेस डोंगराची रांग, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांतली काळी कपाशीची जमीन, आणि बऱ्याच भागांत विहिरीला खारें पाणी. आज हें तालुक्याचें ठिकाण आहे. पूर्वीं हा मुलूख जळगांव-जामोद तालुक्यांत मोडे, आणि तो तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यांत होता. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. त्यापूर्वीं, आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस, येथील गांवगाडा चालला तो बलुत्यावर. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी यांना कामागणिक पैसा मिळत नसे. खळ्यावर रास झाली म्हणजे कुणब्यानें ज्वारीचा ठरलेला वांटा द्यावयाचा आणि वर्षभर काम करून घ्यावयाचें, अशी रीत होती. न्हाव्याकडे हजामत तर होतीच. शिवाय पाहुण्यारावळ्यांचे हातपाय रगडणें, लग्नकार्यांत राबणें, मिरवणुकीपुढें मशाल धरणें हींही कामें होतीं. पाटलाच्या वाड्यावर पाहुणा उतरला कीं रात्रीं न्हावी येऊन त्याचे पाय चेपून जाई. तेल पाटलाच्या घरचें, हात न्हाव्याचे.

त्या न्हाव्याला तेलाची स्तुति करण्याचें कांहीं कारणच नव्हतें. पाहुण्यानें अधिक तेल लावून घेतलें काय किंवा कमी घेतलें काय, खळ्यावरचा वांटा वाढत नसे. गप्पा तो पुष्कळ मारी. गांवांतली बित्तंबातमी त्याच्यापाशीं असे, आणि कोणाच्या घरीं मुलगी उपवर आहे, कोणाचा बैल विकाऊ आहे, हें त्याच्याकडून कळे. पण गप्पांच्या शेवटीं बाटली निघत नसे.

म्हणून ती व्यवस्था चांगली होती असें म्हणतां येणार नाहीं. बलुतेदार मोठ्या शेतकऱ्याचें काम आधीं करी आणि लहानाला ताटकळत ठेवी. दुष्काळांत खळेंच भरलें नाहीं कीं बलुतेदारही उपाशी. अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्याला न्हाव्याचा हात लागत नसे. आणि मुख्य म्हणजे सेवा जातीनें बांधलेली होती. नकार देण्याची सोय सेवेकऱ्याला नव्हती. तो नकार मोठ्यानें उमटला तो शहरांत. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरविली आणि विधवांचें केशवपन आपण करणार नाहीं, असें ठरविलें. हात आमचा आहे, तो कोठें चालवावयाचा हें आम्ही ठरवूं, असें सेवेकऱ्यांनीं एकत्र येऊन म्हणण्याचा हा महाराष्ट्रांतला एक आरंभीचा प्रसंग. शाळेच्या पुस्तकांत त्याला मिळते त्याहून मोठी जागा मिळावयास हरकत नाहीं.

बलुतेदारापेक्षां निराळा असा दुसरा एक वर्ग गांवांत येत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत या फिरस्त्यांचा स्वतंत्र विचार केला आहे. फिरस्त्याला खळ्यावर वांटा नाहीं. आज जें हातीं लागेल तेंच त्याचें. आठवडी बाजारांत आणि यात्रांत अशा लोकांचीं पालें पडत. संग्रामपूरजवळ सोनाळ्याला सोनाजी महाराजांची यात्रा भरते, तशा जागीं गर्दी असल्यानें त्यांना गिऱ्हाईक मिळे. त्यांतला वैदू जडीबुटीची झोळी आणि तुंबडी घेऊन बसे. दुखऱ्या गुडघ्यावर तुंबडी लावली, तोंडानें हवा ओढून ती चिकटविली, कीं रोगी जागचा हलूं शकत नाहीं. रक्त कशानें बिघडलें, त्यावर कोणतें मूळ लागतें, तें मूळ मिळविण्यास किती कष्ट पडतात, याच्या कथनाला याहून चांगली वेळ नव्हती. ‘तुंबडी भरणें’ हा वाक्प्रचार मराठींत आपला खिसा भरणें या अर्थानें रूढ आहे. त्याची व्युत्पत्ति कशीही असो, बाजारांतल्या वैदूकडे पाहून तो कोणालाही पटला असता.

काबुली पठाणाची रीत निराळी होती. तो हिंग आणि कापड उधार देऊन जाई आणि पुढल्या हंगामांत वसुलीसाठीं दारांत ठाण मांडून बसे. घेतांना पैसे जात नसल्यानें वस्तु स्वस्त वाटे. देतांना घर हादरे. जहाजावर खोलीच्या खात्यांत मांडल्या जाणाऱ्या बाटलीचें हें पूर्वरूप म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु स्नान, शरीर आणि पैसा यांची आपल्याकडील सर्वांत जुनी सांगड आढळते ती तीर्थक्षेत्रांत. वऱ्हाडांतून प्रयाग-काशी-गयेची यात्रा करणें हें एके काळीं कित्येक महिन्यांचें काम होतें. १८६७ सालीं भुसावळहून नागपूरला रेल्वे पोंचली आणि मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं स्थानकें तिच्या मार्गावर आलीं. १८७० मध्यें जलंबहून खामगांवला फांटा निघाला. त्याच सालीं जबलपूरमार्गें मुंबई आणि कलकत्ता हीं शहरें लोहमार्गानें जोडलीं गेलीं. कपाशीचा पैसा हातांत आणि आगगाडी दाराशीं, असा योग जुळून आल्यावर यात्रा सामान्य कुणब्याच्याही आटोक्यांत आली.

प्रयागास यात्रेकरू कमरेइतक्या पाण्यांत उभा राही. अंगावर ओलें वस्त्र, ओंजळींत पाणी. उपाध्याय संकल्प सांगे. त्यांत देश येई, काल येई, गोत्र आणि नांव येई, आणि त्याच ओघांत दानाचा आंकडाही येई. आंकडा एकदां तोंडून गेला कीं तो देवापुढें दिलेला शब्द ठरे. पाण्यांत उभें राहून, थंडीनें कुडकुडत, मागें आपल्याच गांवचीं चार माणसें पाहत असतांना घासाघीस करणें कोणाला जमणार? गयेस तर श्राद्ध उरकल्यावर गयावळानें ‘सुफल’ म्हणावें लागे. तो शब्द त्यानें उच्चारल्याशिवाय पितरांना कांहीं पोंचलें नाहीं अशी समजूत होती. आणि दक्षिणा मनासारखी झाल्यावांचून तो शब्द निघत नसे. एवढा प्रवास करून तो शब्द न ऐकतां परतावयाचें, ही कल्पनाच यात्रेकरूला सहन होत नसे.

येथेंही केवळ पंड्यांच्या लोभाला दोष देऊन भागत नाहीं. परमुलखांत यात्रेकरूला उतरावयास जागा देणें, चोरांपासून संभाळणें, आजारी पडल्यास पाहणें हें सर्व तेच करीत. त्यांच्या वह्यांतून कुळांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद जपली गेली. कित्येक मराठी घराण्यांना पणजोबांच्या वडिलांचें नांव आज कळतें तें त्या वह्यांमुळें. या सगळ्या कामाचा ठरलेला मोबदला मात्र कोठेंच नव्हता. जें मिळवावयाचें तें त्या ओंजळीच्या क्षणीं मिळवावयाचें. त्यामुळें सर्व जोर त्या क्षणावर पडे. जाणतीं कुटुंबें म्हणून नदीवर जाण्यापूर्वींच सर्व विधींची मिळून एक ठोक रक्कम ठरवून घेत, आणि पाण्यांत उतरल्यावर पैशाचें बोलणें काढूं देत नसत.

रेल्वेबरोबर वऱ्हाडांत दुसराही एक विक्रेता आला. त्याला हातपाय नव्हते. १८७७ सालीं टपालखात्यानें व्हॅल्यू पेएबल पार्सलाची सोय सुरू केली. माल घरीं आल्यावर पैसे द्यावयाचे. वर्तमानपत्रांत जाहिरात वाचून शक्तिवर्धक गोळ्या, केसांचीं तेलें, सर्व रोगांवरचे रामबाण मलम मुंबई-कलकत्त्याहून मागविण्याची चाल त्या सोयीनें वाढीस लागली. या धंद्यांत सरसकट लबाडीच होती असें नव्हे. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनीं १८९३ सालीं मुंबईंत अमृतांजन काढलें, आणि संगीताच्या जलशांत तें फुकट वांटून लोकांच्या परिचयाचें केलें, असें सांगतात. केशव विष्णु पेंढारकर यांनीं १९५२ सालीं परळ येथें विको ही कंपनी काढली. सुरुवातीला तिचें दंतमंजन घरोघर हिंडून विकलें गेलें. दारांत उभ्या राहिलेल्या विक्रेत्याला गृहिणी निदान दार लावून घेऊं शकते, आणि जाहिरातीचें पान तर कोणालाही उलटतां येतें. देहच दुसऱ्याच्या हातीं दिलेला असतांना हा उपाय उरत नाहीं.

औषधी जाहिरातींचा उपद्रव इतका वाढला कीं १९५४ सालीं त्यावर कायदा करावा लागला. औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयींच्या या कायद्यांत जाहिरात म्हणजे काय याची जी व्याख्या दिली आहे, ती मुद्दाम वाचण्यासारखी आहे. छापील पत्रक, वेष्टन, चिठ्ठी यांच्या जोडीला तोंडी केलेली घोषणाही तींत येते; इतकेंच नव्हे, तर प्रकाश, ध्वनि किंवा धूर यांच्या साहाय्यानें केलेली घोषणाही येते. कायदा लिहिणाऱ्यांनीं बाजार चांगला पाहिलेला होता, यांत संशय नाहीं. हमदर्द दवाखान्यानें या कायद्याला आव्हान दिलें, तेव्हां डिसेंबर १९५९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांतील कांहीं भाग रद्द केला, पण निव्वळ व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचें संरक्षण मागतां येणार नाहीं, असें मत दिलें.

मर्दन आणि विक्री यांची गांठ समुद्रकांठीं बांधणाऱ्यांत एक हिंदी मनुष्य फार पुढें होता, आणि तीही त्यानें इंग्लंडांत बांधली. शेख दीन महंमद यांचा जन्म १७५९ सालीं पाटण्यास झाला. कंपनीच्या बंगाली फौजेंत कांहीं वर्षें काढून ते १७८४ सालीं आयर्लंडांत गेले. १७९४ मध्यें त्यांनीं आपल्या प्रवासाचें पुस्तक इंग्रजींत प्रसिद्ध केलें. १८१० सालीं लंडनमध्यें त्यांनीं हिंदुस्थानी पद्धतीचें उपाहारगृह काढलें, पण दोन वर्षांत दिवाळें निघालें. तेव्हां १८१४ च्या सुमारास ते ब्रायटन या समुद्रकांठच्या गांवीं आले. आरंभीं दंतमंजन आणि केस काळे करण्याचें द्रव्य विकून पाहिलें. मग औषधी वाफेचें स्नान आणि चंपी यांचें दालन उघडलें. इंग्रजींतला ‘शांपू’ हा शब्द या चंपीपासूनच निघाला आहे. साबणाच्या बाटलीला तो पुढें लागला. दालनाच्या भिंतींवर बऱ्या झालेल्या रोग्यांच्या कुबड्या टांगून ठेवल्या होत्या. गुण आलेल्या लोकांचीं पत्रें त्यांनीं पुस्तकरूपानें छापलीं, आणि १८२२ सालीं चंपीच्या लाभांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते चंपीवैद्य झाले. पाठीवरचा हात, भिंतीवरचा पुरावा आणि हातांत ठेवावयाचें पुस्तक, असा आजच्या दालनांतला सर्व सरंजाम दोनशें वर्षांपूर्वींच तेथें जमून आला होता. मात्र दीन महंमद विकत होते ती मुख्यतः चंपीच. त्यांचें पोट त्यांच्या हातावर होतें, आणि गुण आला नाहीं तर गिऱ्हाईक परत येणार नव्हतें. ब्रायटनमध्यें त्यांना कायम राहावयाचें होतें. १८५१ सालीं ते तेथेंच वारले.

जहाजावरचा प्रकार याहून वेगळा. तेथें गिऱ्हाईक आठवड्याभरांत उतरून जातें आणि बहुधा पुन्हां दिसत नाहीं. महासागर ओलांडणाऱ्या मोठ्या आगबोटींवर न्हाव्याचें दुकान असे. १९१२ सालीं बुडालेल्या ‘टायटॅनिक’वरही तें होतें, त्यांत दाढीबरोबर आठवणीच्या वस्तु, खेळणीं, चित्रांचीं कार्डें विकायला टांगलेलीं असत. त्या न्हाव्यांचा पगार नांवापुरता असे. मिळकत बक्षिसीवर आणि मालाच्या विक्रीवर. खळ्यावरच्या वांट्याच्या अगदीं उलट टोंक येथें गांठलें गेलें.

पुढें विमानें आलीं, प्रवासी आगबोटींचा काळ संपला, आणि त्यांची जागा विहारनौकांनीं घेतली. दुकानाचें दालन झालें. १९०१ सालीं लंडनमध्यें स्टायनर नांवाच्या गृहस्थांनीं केशकर्तनालय काढलें होतें. त्या घराण्याच्या नांवाखालीं वाढलेला व्यवसाय जहाजांवर जाऊन पसरला, आणि २०१९ सालापासून त्या जहाजी व्यवसायाची कंपनी ‘वन स्पा वर्ल्ड’ या नांवानें अमेरिकेच्या शेअरबाजारांत आहे. नौका बांधणारी कंपनी एक, चालविणारी दुसरी, आणि स्पाचा मक्ता घेणारी तिसरी, अशी व्यवस्था सर्वत्र रूढ आहे. मक्तेदार उत्पन्नाचा वांटा नौकेच्या मालकाला देतो. मर्दन करणाऱ्या मुली फिलिपीन बेटांतून, दक्षिण आफ्रिकेंतून, हिंदुस्थानांतून, पूर्व युरोपांतून येतात. शिक्षणाच्या वेळीं त्यांना मर्दनाबरोबर विक्रीही शिकविली जाते; त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग दलालीचा असतो, आणि किती बाटल्या खपल्या याचा हिशेब वरिष्ठ विचारतात. सहा-आठ महिने घरापासून दूर राहून पैसा धाडणाऱ्या त्या मुलीपुढें प्रत्येक पाहुण्याच्या शेवटच्या पांच मिनिटांना, गयावळाच्या ‘सुफल’प्रमाणें, सगळें वजन आलेलें असतें. पाहुण्याला वाटतें कीं हिच्यापुढें आपण भिडेंत सांपडलों. ती मात्र आपल्या वरिष्ठांच्या हिशेबांत सांपडलेली असते, आणि तो हिशेब पाहुण्याच्या दृष्टीस कधींच पडत नाहीं.

या विक्रींत जें सांगितलें जातें त्यांतलें पुष्कळ खोटें असतें, हें मात्र भिडेखातर झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. शरीरांतलीं टाकाऊ द्रव्यें बाहेर काढण्याचें काम यकृत आणि मूत्रपिंडें करतात. लेप लावून आणि पट्ट्या गुंडाळून कमरेचा घेर अर्धा इंच कमी भरला, तर तें गेलेलें पाणी असतें आणि जेवणाबरोबर तें परत येतें. संग्रामपूर तालुक्यांत, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यांत, मूत्रपिंडाच्या विकारानें गांजलेलीं गांवें आहेत. विहिरीच्या पाण्याकडे संशयानें पाहत तेथल्या लोकांच्या पिढ्या गेल्या. शरीरांतलें विष ही तेथें दालनांतल्या सुगंधी दिव्याखालीं सांगण्याची गोष्ट नाहीं; त्यासाठीं माणसांना दवाखान्याच्या वाऱ्या कराव्या लागतात. तोच शब्द वापरून समुद्रावर शंभर डॉलरांची बाटली खपते, हें त्या गांवांतल्या माणसाच्या कानावर गेलें तर तो काय म्हणेल याची कल्पना करणें कठीण नाहीं.

कायद्यानें याबाबत हातपाय हलविले नाहींत असें नाहीं. १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिनें एक साधी युक्ति केली: शेजाऱ्यांचे गट करून वाणसामान एकत्र घाऊक खरेदी करावयाचें, म्हणजे विक्रेत्याच्या जिभेशीं घरागणिक गांठच पडत नाहीं. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या जागीं २०१९ चा कायदा आला. अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येंत त्यानेंही तोंडी विधानांचा समावेश केला आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें संगणकावरच्या विक्रींतील फसव्या युक्त्यांविषयीं मार्गदर्शक नियम काढले; त्यांत तेरा युक्त्या नांवानिशीं दिल्या आहेत, आणि नकार देणाऱ्याला लाजविणें ही त्यांतली एक आहे. भिडेची दखल सरकारी राजपत्रानें घेतली, हें थोडें नवल आहे खरें. मात्र हे नियम पडद्यावरच्या व्यापारापुरते आहेत. मर्दनाच्या खाटेपाशीं ते पोंचत नाहींत. विहारनौकांपैकीं पुष्कळांची नोंदणी बहामा, पनामा, माल्टा अशा देशांत झालेली असते, तेव्हां भर समुद्रांत घेतलेल्या बाटलीची तक्रार कोणत्या न्यायालयांत न्यावी, हा प्रश्न वकिलालाही विचारांत पाडतो.

नेहमीं प्रवास करणाऱ्यांनीं म्हणून यात्रेकरूंची जुनीच रीत उचलली आहे. मर्दनापूर्वीं प्रकृतीच्या माहितीचा एक कागद भरून घेतात; त्यावरच ते ठळक अक्षरांत लिहून देतात कीं केवळ मर्दन हवें, वस्तु नकोत, मर्दन चालू असतां बोलणें नको. कांहीं जण दाराशींच तसें सांगतात आणि शेवटीं बक्षिसी त्या मुलीच्या हातीं देतात, म्हणजे दलाली बुडाली तरी तिचे श्रम अगदींच वायां जात नाहींत. पंचा गुंडाळण्यापूर्वीं, पूर्ण पोषाखांत उभें असतांना बोललेलें हें वाक्य बहुतेक वेळां पुरतें. मुलीही त्यानें सुटका झाल्यासारख्या दिसतात, असें पुष्कळांनीं सांगितलें आहे.

वऱ्हाडांतल्या न्हाव्याच्या दुकानांत आतां ज्वारीचा वांटा जात नाहीं. तालुक्याच्या गांवीं फिरती खुर्ची आहे, दोन्हीं बाजूंना आरसे आहेत, आणि आरशाखालच्या फळीवर मलमांच्या डब्या व रंगीत बाटल्या मांडलेल्या आहेत. दाढी उरकतां उरकतां “दादा, चेहऱ्याला कांहीं लावूं का?” असा प्रश्न तेथेंही येतो. तेव्हां गिऱ्हाईक गळ्याभोवतीं बांधलेल्या फडक्यासकट मान वळवून आधीं भिंतीवरच्या दरपत्रकाकडे पाहतें.